गोठ्याच्या छपरावर पवनचक्की बसवावी काय? आणि मुळात ती वीज करते कशी?

संकेश्वरी_मिरची (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

संकेश्वरहून हुक्केरीकडं जाताना आमचा मळा लागतो. मळ्यात गोठा: म्हशी, दोन गाई, कडबाकुट्टी, धार काढायचं मशीन आणि रात्रभर एक दिवा. थ्री फेज यायची वेळ आणि धारेची वेळ यांचं काही जमत नाही. मागं एका कृषी प्रदर्शनात छोटी पवनचक्की बघितली. तीन पाती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत २ मीटर, वर ठळक अक्षरात '१ किलोवॅट'. विकणारा म्हणाला, "तुमच्या भागात वारं दणकून आहे, छपरावर बसवा आणि बिल विसरा." किंमत साधारण एका चांगल्या मुऱ्हा म्हशीएवढी. आबा म्हणतात, मग म्हैसच घे की, वारं पडलं तरी दूध देईल.

पैसे टाकण्याआधी ही भानगड नीट समजून घ्यायची आहे. यल्लम्माला जाताना सौंदत्तीच्या डोंगरावर मोठे पंखे दिसतात. ते इतके सावकाश फिरतात की पाती मोजता येतात. आमच्या घरचा टेबलफॅन त्यापेक्षा जोरात फिरतो, आणि तो तर वीज खातो. मग ह्या संथ फिरण्यातनं वीज येते कुठनं? दुसरं म्हणजे, वारं भरपूर असतं, एक पंखा फिरत असतो आणि शेजारचा ढिम्म उभा. तो का? आणि शेवटचं, जे डोंगरावर चालतं ते माझ्या छपरावर चालेल काय?

जाणकारांनी लिहावं. सीमाप्रश्न इथं आणू नका, त्याचे वेगळे धागे आहेत.

कणबर्गी_एक्सप्रेस

वाचतोय. आमच्या सोसायटीतही कुणीतरी हाच विषय काढलाय.

टॉवर८०

मिरचीभाऊ, माझ्या पोटापाण्याचाच विषय काढलात. सौंदत्तीकडच्या एका साइटवर मी देखभालीच्या कामाला आहे. कंपनी तेवढी विचारू नका, बाकी काय पण विचारा.

आधी 'सावकाश'चं बघू. लांबनं बघता म्हणून सावकाश वाटतं. पात्यांचा एकूण व्यास १०० मीटर धरा, फेरे मिनिटाला १५. म्हणजे एक फेरा ४ सेकंदात. पण तेवढ्या ४ सेकंदांत पात्याचं टोक ३१४ मीटरचा घेर कापतं. ताशी किती झालं? २८० किलोमीटरच्या वर. हायवेला तुमच्या शेजारनं एवढ्या वेगात काही गेलं तर सावकाश म्हणाल काय?

आता आतलं सांगतो. टॉवरच्या माथ्यावर जी पेटी दिसते ती नेसेल. आत उभं राहता येतं, मिनीबसएवढी जागा असती, पण निम्मी जागा गिअरबॉक्सनंच खाल्लेली. शिडीनं ८० मीटर चढून वर पोचलं की पहिल्यांदा गिअर ऑइलचा वास येतो आणि मग पायाखाली कळतं की अख्खी पेटी हळूहळू डुलत्येय. एका बाजूला मेन शाफ्ट, माणसाच्या कवळ्यात मावणार नाही एवढा जाड. मशीन हळू फिरवून बघायच्या वेळी त्याच्या फ्लँजवरचे बोल्ट डोळ्यांसमोरून एकेक करून जातात, मोजत बसा निवांत. गिअरबॉक्सच्या दुसऱ्या तोंडाला मात्र मनगटाएवढ्याच जाडीचा वाटावा असा शाफ्ट, त्यावर ब्रेकची तबकडी. मशीन भरात असलं की ती नुसती धूसर दिसते. इकडं मिनिटाला १५ फेरे, तिकडं १५०० च्या आसपास. शंभरपट.

ताकद तीच, रूप बदललं. इकडं सावकाश पण प्रचंड जोर, तिकडं जोर कमी पण फेरे भरपूर. जनरेटरला फेरे लागतात. तुमचा टेबलफॅन जोरात फिरतो खरा, पण बोट लावलं तर थांबतो. ह्या शाफ्टला थांबवायला काय लागेल विचार करा.

पुढची साखळी सोपी हाय. जनरेटरमधनं ६९० व्होल्टची वीज निघते, ट्रान्सफॉर्मर ती ३३ हजार व्होल्टवर चढवतो, आणि सगळ्या टॉवरांच्या लायनी एका सबस्टेशनला जाऊन मिळतात. तिथनं पुढं मोठ्या ग्रिडमध्ये, म्हणजे सगळीकडच्या वीजतारांच्या सामायिक जाळ्यात. व्होल्टेज चढवायचं कारण, तेवढीच वीज कमी करंटनं नेता येते आणि तारा तापून वाया कमी जाते.

बंद पंख्याचं नंतर लिहितो, ड्यूटीची वेळ झाली.

खानापूरचे_मास्तर

टॉवर८० यांनी फार छान चित्र उभं केलं. मी पात्यांच्या अलीकडचं, म्हणजे वाऱ्याचं सांगतो. बत्तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

बहुतेकांची समजूत अशी की वारा पात्याला ढकलतो आणि पातं फिरतं. आता वरचे आकडे बघा. समजा वारं सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. पात्याचं टोक ताशी २८० च्या वर. नुसतं ढकलल्यानं कुठलीही वस्तू वाऱ्यापेक्षा वेगात जाईल का? नाही जाणार. वाऱ्याच्या वेगाशी आली की ढकलणंच संपलं. इथं तर टोक वाऱ्याच्या जवळपास आठपट वेगात धावतंय. म्हणजे ढकलण्यापलीकडे काहीतरी चाललेलं आहे.

पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो: एक कड गोलसर जाड, दुसरी धारदार, एक बाजू जास्त फुगीर. हवा त्यावरून जाताना फुगीर बाजूला दाब कमी होतो, दुसऱ्या बाजूला जास्त राहतो, आणि हवेचा प्रवाहही वळवला जातो. त्यातून पात्यावर हवेच्या वाहण्याच्या दिशेला आडवा जोर येतो. त्याला उद्धारक बल म्हणतात. विमानाला हे बल वर उचलतं, इथं ते पात्याला फेऱ्याच्या दिशेनं ओढतं. आणि मजा अशी की पातं फिरू लागलं की त्याला समोरून स्वतःच्या वेगाचंही वारं लागतं. टोकाला हे वारं फार, बुंध्याशी कमी. म्हणूनच पातं बुंध्यापासून टोकापर्यंत पिळलेलं असतं. हायवेवरून पाती नेणारा ट्रेलर जातो तेव्हा नीट बघा, पीळ डोळ्यांना दिसतो.

आता ताकद किती. हवेला वजन असतं. आपल्या बेळगावच्या उंचीवर एक घनमीटर हवा सुमारे १.१ किलो भरते. १०० मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७८५० चौरस मीटर. सेकंदाला १० मीटरचं वारं असेल तर दर सेकंदाला त्या वर्तुळातून ८६ टन हवा जाते. दर सेकंदाला! तिची गतिज ऊर्जा काढा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ४३ लाख वॅट येतात.

हेच वारं निम्मं झालं, सेकंदाला ५ मीटर, तर? हवा निम्मी येणार, ४३ टन. पण वेगाचा वर्ग चौथ्या हिश्श्यावर. दोन्ही मिळून आठवा हिस्सा. म्हणजे ताकद वाऱ्याच्या वेगाच्या घनावर चालते. वारं दुप्पट तर वीज आठपट, वारं निम्मं तर वीज दोन आण्यांवर. मिरचीभाऊ, पवनचक्कीच्या धंद्यातला सगळा नफा-तोटा ह्या एका घनात आहे. विकणारा 'वारं दणकून आहे' म्हणाला, पण 'दणकून' म्हणजे सेकंदाला ४ मीटर की ८, हे त्याला विचारलंत का?

आणि ही सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. काढली तर हवा पात्यामागं थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला जायला वाट उरणार नाही. ती वर्तुळाला वळसा घालून बाजूनं निघून जाईल. १९१९-२० च्या सुमारास आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं हिशेब मांडला की जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा काढता येते, आणि तीही पात्यांमागं गेलेल्या वाऱ्याचा वेग मूळच्या एक तृतीयांश उरला तर. यंत्र कितीही भारी असो, ही मर्यादा ओलांडता येत नाही. चांगलं मोठं यंत्र प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जातं.

वडगाववाली_वहिनी

मास्तर, दहावीला तुम्ही असता तर मी सायन्स सोडलं नसतं.

एक शंका. पंखा गोल गोल फिरतो, मग आतली वायर खाली आणतात कशी? पीळ नाही बसत?

टॉवर८०

वहिनी, एक नंबर प्रश्न. पात्यांच्या फिरण्यानं वायरला पीळ बसत नाही, कारण जनरेटरचं बाहेरचं अंग नेसेलमध्ये घट्ट बसवलेलं असतं, वायर तिथनं निघते. पण नेसेल स्वतः वाऱ्याकडं तोंड करून वळत असते. तिच्या पाठीवर छोटा वेगमापक आणि दिशा दाखवणारा कोंबडा असतो. वारं फिरलं की मोटारी अख्खं धूड त्या बाजूला वळवतात. असं एकाच दिशेनं वळत वळत गेलं की टॉवरमधल्या केबलला पीळ बसतोच. म्हणून वर मोजणी ठेवलेली असते. साधारण तीनेक वेढे झाले की मशीन आपणहून थांबतं, उलटं फिरून पीळ सोडवतं आणि परत सुरू होतं.

हेच मिरचीभाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर. शेजारचा पंखा बंद दिसला तर कदाचित केबल उलगडायला लागलाय. बाकीची कारणं अशी: वारं सेकंदाला ३-४ मीटरच्या खाली असलं तर सुरूच होत नाही. डोंगराच्या आडाला असलेल्या टॉवरला तेवढं मिळत नाही आणि कडेवरच्याला मिळतं. सेकंदाला २५ मीटरच्या वर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, गेलं तर पाती स्वतःच्या अक्षावर वळून वाऱ्याला कड दाखवतात आणि मशीन थांबतं. नाहीतर मोडेल. मधल्या काळात, समजा ११-१२ मीटरच्या पुढं, वारं वाढलं तरी वीज वाढत नाही. पाती थोडी थोडी वळवून जादाचा जोर सोडून देतात. जनरेटर २ मेगावॅटचा असेल तर २ च्या वर काढून जाळायचा काय?

आणि कधी कधी बेंगळूरच्या लोड डिस्पॅचकडनं, म्हणजे राज्यातल्या विजेचा मेळ घालणाऱ्या केंद्राकडनं, निरोप येतो, उत्पादन कमी करा. पावसाळ्यात धरणं भरलेली, शेतीपंप बंद, मागणी खाली, आणि नेमकं तेव्हाच वारं पिसाळलेलं.

अजून एक लोकांना पटत नाही ते सांगतो. ग्रिडची लाइन गेली की आमचा पंखाही बंद. गावातली माणसं विचारतात, "तुमी वीज करताय आनि तुमच्याकडंच लाइट न्हाई?" काय सांगणार! ह्या मशीनला तालात राहायला ग्रिड लागतो.

रेवा_व्हीटीयू

तो ताल म्हणजे ५० हर्ट्‌झ. मी इलेक्ट्रिकल शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून थोडी भर घालते.

१८३१ मध्ये फॅरेडेनं दाखवलं की तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की तारेत वीज निर्माण होते. जनरेटर म्हणजे तेवढंच. चार ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला की सेकंदाला ५० आवर्तनं होतात, जी आपल्या देशभरच्या ग्रिडची आहेत. पण वारं कमीजास्त होतं, फेरेही कमीजास्त होतात. मग ५० टिकतं कसं?

बऱ्याच यंत्रांत अशी युक्ती असते: जनरेटरचं स्थिर अंग थेट ग्रिडला जोडलेलं, आणि फिरत्या अंगाला इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरमधून हव्या त्या आवर्तनाचा प्रवाह दिलेला. फेरे कमी पडले तर कन्व्हर्टर तेवढी आवर्तनं भरून काढतो, जास्त झाले तर वजा करतो. फायदा असा की एकूण विजेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच वीज कन्व्हर्टरमधून जाते, त्यामुळे तो लहान आणि स्वस्त पडतो. पण ग्रिडच नसला तर स्थिर अंगाला चुंबकत्व द्यायला काही उरत नाही. म्हणून टॉवर८० काकांच्या गावात दोन्ही एकदम अंधारात.

टॉवर८०

काका?? तिशीत आहे मी अजून.

उद्यमबाग_फौंड्रीवाला

गिअरबॉक्सचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, सगळ्या पवनचक्क्यांना तो नसतो. काहींमध्ये जनरेटरच अवाढव्य व्यासाचा करतात, त्याच्या कडेला भरपूर चुंबकं लावतात, मग १५ फेऱ्यांतही काम भागतं. नाजूक गिअर गेले, पण निओडिमियमची महाग चुंबकं आली आणि वजन वाढलं.

पाती जिथं बसतात तो हब एसजी आयर्नचं, म्हणजे एका चिवट जातीच्या बिडाचं, ओतकाम असतो, कित्येक टनांचा. साधं बीड चालत नाही, कारण हा जोर स्थिर नसतो. पातं वर असताना जास्त वारं, खाली आलं की कमी, शिवाय टॉवरच्या समोरून जाताना एक झटका. वीस वर्षांत असे कोट्यवधी झटके. साध्या बीडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं असतं, तिथनं चीर पसरते. एसजीमध्ये त्याच ग्राफाइटच्या गोळ्या होतात, चीर अडते. ओतताना मॅग्नेशियमचं प्रमाण आणि वेळ दोन्ही सांभाळावी लागते, जरा उशीर झाला की गोळ्या बिघडल्या आणि अख्खा माल भंगारात. आमच्याकडं छोटे जॉब होतात, पण दुखणं तेच.

पाती मात्र लोखंडाची नसतात. काचतंतू आणि रेझिन, आत बाल्सा लाकूड किंवा फोम. वीज पडते म्हणून टोकाला धातूचा तुकडा आणि आतून जमिनीपर्यंत तार.

अथणीकर

तुम्ही सगळे शिकलेली माणसं, पण एक गोष्ट कुणी बोलंना. आमच्याकडं आणि पलीकडं सांगली, कवठेमहांकाळ भागात म्हातारी माणसं ठाम सांगतात की हे पंखे आल्यापासून ढग पुढं पळतात आणि पाऊस कमी झालाय. ढग येतात, पंख्यावरनं जातात, आणि पडायचं ते तिकडं जाऊन पडतात. ह्याचं काय?

खानापूरचे_मास्तर

अथणीकर, ही समजूत मीही ऐकली आहे आणि ती वेडगळ म्हणून उडवून लावणार नाही. डोंगरावर नवी वस्तू आली आणि त्याच वर्षांत पाऊस हुकला तर माणूस दोन्ही जोडणारच.

पण असं बघा. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अथणीला त्याचा दहावा हिस्साही नाही. हा फरक पंख्यांनी केलेला नाही, सह्याद्रीनं केलेला आहे. ढग घाट चढताना रिकामे होतात, पलीकडं उतरताना हवा तापते आणि कोरडी होते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ विजापूर, बेळगाव, धारवाड जिल्ह्यांनी सोसला, १९७२ चा तर माझ्या वयाच्या लोकांना आठवतो. तेव्हा डोंगर मोकळेच होते.

पंख्यांचा परिणाम हवेवर होतच नाही असंही नाही. मागं वाऱ्याचा वेग कमी होतो आणि हवा घुसळली जाते. रात्री जमिनीलगत गार हवा साचते, ती वरच्या उबदार हवेत मिसळते, त्यामुळे पंख्यांच्या आसपास रात्रीचं तापमान किंचित वाढल्याचं मोजलेलं आहे. पण पाऊस पाडणारी यंत्रणा शेकडो किलोमीटर पसरलेली आणि कित्येक किलोमीटर उंच असते. दीडशे मीटरपर्यंत पोचणारी पाती तिला हाकलू शकत नाहीत.

अथणीकर

सह्याद्रीचं पटलं. बाकीचं आमच्या म्हाताऱ्यांना तुम्हीच येऊन सांगा.

गोकाकचा_करदंट

अवांतर: गोकाकच्या धबधब्यावर १८८७ मध्ये पाण्यापासून वीज केली असं आम्ही अभिमानानं सांगतो. गंमत म्हणजे त्याच १८८७ साली स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकानं घरामागं कापडी शिडांची पवनचक्की उभी करून बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. पाणी पुढं गेलं, वारं शंभर वर्षं मागं पडलं, कारण पाणी अडवून ठेवता येतं.

येळ्ळूरचा_बंडू

मास्तरांचं घन-बिन वरनं गेलं, पर वाऱ्याचं आमाला शिकवू नका. खळ्यावर जोंधळ्याला वारं द्यायचं तर वावडीवर उभं राहायला लागतं. तीन पायांचं उंच स्टूल. खाली उभं राहून सूप हलवलं तर कोंडा पायाशीच पडतो, चार-पाच फूट वर गेलं की लांब उडतो. आनि वावडी मांडायची ती घराच्या, झाडाच्या आडाला न्हाई. वारं कुठनं येतं ते बघून मोकळ्या अंगाला. मिरचीभाऊ, तुमच्या गोठ्याभवती काय काय हाय ते सांगा आदी.

संकेश्वरी_मिरची

बंडूदादा, पश्चिमेला नारळ आणि एक मोठी चिंच. दक्षिणेला ऊस. उत्तरेला आमचंच दुमजली घर.

येळ्ळूरचा_बंडू

मग ऱ्हाऊ दे.

रेवा_व्हीटीयू

बंडूकाकांनी एका ओळीत उरकलं, मी आकड्यांत मांडते.

२ मीटर व्यास म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. छोट्या यंत्राला तीस टक्के म्हणजे उदार हातानं धरलं. सेकंदाला ३ मीटर वारं असताना हाती येतात १४ वॅट. ५ मीटरला ६५ वॅट. १० मीटरला ५२० च्या आसपास. बोर्डावरचा १ किलोवॅट मिळायला सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वारं सतत लागेल. तेवढ्या वाऱ्यात छपराचे पत्रेच शाबूत राहिले तर नशीब.

चिंच, नारळ आणि घर यांच्या मधे सरासरी ४ मीटर मिळतं असं समजू. सरळ गुणाकार केला तर ३३ वॅट. पण वारं कधी कमी कधी जास्त असतं आणि घनामुळे सोसाट्याचे तास सरासरी वर ओढतात, म्हणून दुप्पट धरू. तरी चोवीस तासांत दीड युनिट. एक हॉर्सपॉवरचं धारेचं मशीन दिवसाला दोन तास चाललं की संपलं. कडबाकुट्टीला काही उरत नाही. १ किलोवॅटचं सोलर आपल्याकडं दिवसाला चारेक युनिट देतं.

उंचीचा फरकही बघा. मोकळ्या माळावर १० मीटर उंचीवर सेकंदाला ४ मीटर असेल तर ८० मीटरवर साधारण ५.४ मिळतं. वेग दीडपटही झाला नाही, पण वीज जवळजवळ अडीचपट. म्हणून टॉवरवर एवढा खर्च करतात.

वडगाववाली_वहिनी

आमच्या नात्यातल्या एकांनी स्लॅबवर असलीच बसवली होती. आजूबाजूला तीन मजली घरं. वारं इकडनं तिकडनं भोवरा घेऊन येतं, त्यामुळे चक्की फिरायची कमी आणि दिशा बदलत डोलायची जास्त. रात्री घरघर थेट खालच्या खोलीत. ओल्या बाळंतिणीची खोली होती ती! शेवटी सासूबाईंनी फतवा काढला. आता तिच्या खांबाला कपडे वाळवायची दोरी बांधलेली आहे. विकणाऱ्यानं नंतर फोन उचलला नाही.

टॉवर८०

वहिनींनी सांगितलं ते बरोबर आहे. छपरावर वारं सरळ वाहत नाही, उसळतं. यंत्राला खवळलेलं वारं सोसत नाही, बेअरिंग जातात. छोटी पवनचक्की लावायचीच तर १०० मीटरच्या परिघात जे सगळ्यात उंच असेल त्याच्यापेक्षा १० मीटर वर न्यायची, स्वतंत्र खांबावर, ताण देऊन. तुमच्या चिंचेच्या हिशेबानं खांबाचाच खर्च चक्कीएवढा होईल.

आपल्या जिल्ह्यात सुद्धा बघा, मोठे पंखे खानापूर-जांबोटीकडं नाहीत, पूर्वेला सौंदत्तीच्या उघड्या डोंगरावर आहेत. पश्चिमेला जंगल आणि खाचखळगे, वारं अडतं. पूर्वेला बोडकी पठारं, मोसमी वारं घाट ओलांडून तिथं मोकळं सुटतं. जून ते सप्टेंबर मशीन श्वास घेत नाही. नोव्हेंबरात आम्ही पोळी खाऊन झोपलो तरी चालतं असे दिवस येतात. वर्षाचं धरलं तर २ मेगावॅटचं यंत्र सतत पूर्ण भरात चाललं असतं तर पावणेदोन कोटी युनिट झाले असते. प्रत्यक्षात चांगल्या जागी त्याच्या पाव हिश्श्यापेक्षा थोडे जास्त, पन्नासेक लाख.

कणबर्गी_एक्सप्रेस

मग उरलेल्या आठ महिन्यांचं काय? एवढे पंखे लावून उपयोग?

चिकोडी_साखर

मधेच घुसतो. वारं पावसाळ्यात आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम थंडीत. कारखाने बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज करतात ती साधारण नोव्हेंबर ते मार्च, बरोबर वारं पडलेलं असतं तेव्हा. दिवसा सोलर आहेच. एकट्या वाऱ्यावर राज्य चालत नाही, पण जोडीला जोडी लागते. २०२५ च्या मार्चअखेर देशात पवनऊर्जेची क्षमता ५० गिगावॅटच्या पुढं गेली, त्यात गुजरात आणि तमिळनाडूनंतर कर्नाटकच. आपल्या ऊसवाल्यांना मात्र अजून वाटतं की वीज फक्त धरणात तयार होते.

खानापूरचे_मास्तर

आणि एक राहिलं. पूर्वी विहिरीवर पाणी उपसायच्या चक्क्या असत, पंधरा-वीस पत्र्यांच्या. त्यांना तीनच पाती का नव्हती, असं कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो. पंपाला फेरे नकोत, सुरुवातीचा जोर हवा. पाती जास्त असली की मंद वाऱ्यातही चक्की हलते, पण वेग घेत नाही. विजेला उलटं हवं. डेन्मार्कच्या पॉल ला कूरनं १८९१ पासून यावर प्रयोग केले आणि कमी पाती, जास्त वेग हेच विजेला बरं असं दाखवलं. दोन पातीही चालतात, पण नेसेल वळताना हिसके बसतात. तीनात तोल साधतो. चौथ्यानं वजन आणि खर्च वाढतो, वीज फारशी नाही.

संकेश्वरी_मिरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आबांना धागा मोठ्यानं वाचून दाखवला. वावडीपाशी खूश झाले, बाकी म्हैस ठरली. धारेच्या मशीनसाठी सोलर आणि बॅटरीचा वेगळा धागा काढतो.

टॉवर८०, एक विचारू? पोराला तो पंखा जवळनं बघायचाय. आत सोडतात काय?

टॉवर८०

आत नाही, चढायला तर अजिबात नाही. ट्रेनिंग आणि हार्नेसशिवाय आम्हालाही नाही. पण साइटच्या रस्त्यावरनं पायथ्यापर्यंत गेट इन्चार्जला विचारून येता येतं. जुलैत आणा, तेव्हा पात्याचा खरा आवाज ऐकू येतो, आणि छत्री आणू नका, उलटी होते. फक्त पौर्णिमेला येऊ नका. यल्लम्माच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मला पण त्या दिवशी सुट्टी मिळत नाही.